बारा कोपऱ्यांची बालवाडी

"सापडली ना पोरगी? मग झालं तर!"

त्या दुपारी हे वाक्य मला सगळ्यांनी ऐकवलं. सासूबाईंनी, शेजारणीनं, नवऱ्यानं. आणि ज्यांच्या बालवाडीतून माझी साडेतीन वर्षांची राजनंदिनी भर उन्हात चालत बाहेर पडली, त्या सत्यशीला मॅडमनीसुद्धा. जसं काही माझं कानातलं पडलं होतं आणि ते सतरंजीखाली मिळालं.

कुठं सापडली, ते कुणी विचारत नव्हतं. सापडली गाड्यांच्या पार्किंगमध्ये. दर्शन उरकलेल्यांची एक जीप मागं येत होती आणि तिच्या मागच्या चाकाजवळ आमची नंदू उकिडवी बसून खाली पडलेली रुईची पानं गोळा करत होती. देवाला घालायच्या रुईच्या माळा विकणाऱ्या रेश्मानं ते पाहिलं. तिनं हातातली टोपली फेकली आणि जीपचा पत्रा दोन्ही हातांनी बडवत ओरडत सुटली. ड्रायव्हर खाली उतरला तो रेश्मावरच खेकसला, पत्र्याला पोचा आला म्हणून.

मी नंदूला छातीशी धरून तिथंच मातीत बसले होते आणि ती मला म्हणत होती, "आई, माझी पानं सांडली."

माझं माहेर श्रीरामपूर. तिथं आमच्या घराला एक लाकडी दार, एक जाळीचं दार आणि दोन्हींना कुलपं. लग्न होऊन शिंगणापुरात आले ती दार नसलेल्या घरात. चौकट आहे, पडदा आहे. दार नाही, कडी नाही. सुरुवातीला झोपेत दचकायचे, मग सवय झाली. शनिदेवाच्या भरवशावर गाव राहतं, त्याला मी कधी नाव ठेवलं नाही, आजही ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो भरवसा चोरासाठी आहे. बाहेरून आत येणाऱ्यासाठी. आतून बाहेर जाणाऱ्या तीन फुटांच्या माणसाबद्दल देवानं कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि गावानंही कधी विचारलेलं नाही.

आमची बालवाडी म्हणजे मुळात कानिफनाथअण्णांचे तीन गाळे. अण्णा माझे चुलतसासरे. गावात त्यांच्या शब्दाला वजन, आणि आमचं पूजासाहित्याचं दुकानही त्यांच्याच जागेत. गाळ्यांत पूर्वी तेलाची दुकानं होती. एकाशेजारी एक असे तीन खोलच्या खोल गाळे. दर दोन गाळ्यांच्या मध्ये दोन्ही हात पसरावेत एवढा रुंद, विटांनी बुजवलेला बोळ. आणि तिन्हींच्या तोंडाशी एक लांबट, अरुंद पडवी. पंजाची मधली तीन बोटं फाकवून वर धरा, तसा आकार. प्रत्येक गाळ्याच्या मागच्या भिंतीत माल उतरवायला ठेवलेली वाट आहे. पहिल्या गाळ्यात ती अगदी डाव्या टोकाला, मधल्यात मधोमध, तिसऱ्यात अगदी उजव्या टोकाला. वाट म्हणजे नुसतं भगदाड, दार अर्थातच नाही. तिथून बाहेर पाऊल टाकलं की पार्किंग.

एवढ्या जागेला एक मॅडम आणि एक मदतनीस. मॅडम पडवीतल्या टेबलाशी बसतात, फोनवर बोलतात, मध्येच एखाद्या गाळ्यात जाऊन कविता म्हणवून घेतात. मुलांवर लक्ष ठेवायचं काम मदतनिसाचं, म्हणजे साळूबाईचं. तिला पडवीच्या मधोमध एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल.

मी मॅडमना जाब विचारायला गेले, तर त्यांचं उत्तर तयार होतं.

"साळूबाईचं लक्ष नव्हतं. मी अण्णांना सांगितलंय. उद्या पालकांची मीटिंग घेऊ आणि तिला कामावरून कमी करू. मग तर समाधान?"

"आणि तिच्या जागी?"

"दुसरी बाई बघू ना!"

"ती कुठं बसणार?"

"कुठं म्हणजे? तिथंच, स्टुलावर."

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. साळूबाई गेलीच पाहिजे असं मलाही वाटत होतं. तिला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवतच मी पडवीत आले. मुलं घरी गेली होती. साळूबाई खाऊच्या वाट्या धूत होती. मला बघून ती उभी राहिली, हात पदराला पुसले आणि मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "वयनी, मी स्टूल सोडलं न्हाई. पोरीची आन."

"माझ्या पोरीची आण घेऊ नका!"

"माझ्या पोरीची घेते मंग. मॅडमनी सांगितलंय, हितनं हलायचं न्हाई, हितनं समदं दिसतं. मी हलले न्हाई."

"दिसतं ना? मग नंदू का नाही दिसली?"

"ते मला तरी कुठं कळतंय?" ती म्हणाली. मग खाली बसली, पुन्हा वाटी उचलली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "उसाच्या फडात आमी पोरांस्नी खोपीच्या मेढीला लुगड्यानं बांधून ठिवायचो. लोकं नावं ठिवायची. पर पोर जायचं न्हाई कुटं."

साळूबाई पाथर्डीकडची. पाठीच्या मणक्यानं ऊसतोड सुटली, म्हणून लेकीच्या सासरी येऊन राहिलेली. हेही गेलं तर तिला काय, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मला तिची कीव आली नाही, मला चीड आली. सगळं दिसतं म्हणे! मी सरळ जाऊन त्या लाल स्टुलावर बसले.

बाहेर लख्ख ऊन होतं. समोर मधला गाळा पूर्ण दिसत होता, मागच्या वाटेतून एका टेम्पोची नंबरप्लेटही दिसत होती. डावीकडं पहिल्या गाळ्याचं फक्त तोंड. उजवीकडं तिसऱ्या गाळ्याचं फक्त तोंड. नंदू तिसऱ्या गाळ्यातून गेली होती. मी स्टूल उजवीकडं सरकवलं. तिसरा गाळा दिसायला लागला, मधला गेला. अजून सरकवलं, पहिल्याचं तोंडही गेलं. परत डावीकडं आणलं. साळूबाई वाट्या सोडून माझ्याकडं बघत राहिली.

"वयनी, काय शोधताय?"

मी कोपरे मोजत होते. पडवीचे बाहेरचे दोन. प्रत्येक गाळ्याचे मागचे दोन, म्हणजे सहा. आणि मधल्या दोन बोळांच्या भिंती पडवीत जिथं वळतात तिथले दोन-दोन. बारा. बारा कोपरे!

कुठल्याही खोलीत गेले की मी आधी कोपरे मोजते. नंदू झाल्यापासून जास्तच, पण सवय जुनी आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. तेव्हा आम्हाला प्रत्येकाला वर्गापुढं आपलं आवडतं प्रमेय मांडायचं होतं. निम्म्या वर्गानं शाळेतलंच घेतलं, काटकोन त्रिकोणाचं. मी घेतलं कलादालनाचं. भिंतींवर चित्रं टांगलेलं एक दालन आहे, आकारानं कितीही वेडंवाकडं. त्याचा कानाकोपरा नजरेखाली राहावा म्हणून किती पहारेकरी बसवले तर हमखास पुरतील? उत्तर: कोपरे मोजा, तिनानं भागा, बाकी सोडून द्या. बस. दालन कसंही असो, तेवढे पुरतात. आणि हे सिद्ध करायला लागतात फक्त तीन रंग. इतकं स्वच्छ, इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

लग्न ठरताना यांनी, म्हणजे गोरक्षनाथांनी, मला विचारलं होतं, "तुम्हाला काय आवडतं?" मी हे प्रमेय सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं. आणि खायला?"

तर मी आत्ता पुन्हा त्यांच्यापुढं तेच प्रमेय घेऊन उभी राहिले. दुकानात. ते काळ्या उडदाच्या पुड्या बांधत होते. शनिवारी शनी अमावस्या होती. गाव माणसांनी आणि पार्किंग गाड्यांनी ओसंडणार होतं.

"साळूबाईची चूक नाही," मी म्हटलं. "त्या जागेत एका माणसाला सगळं दिसूच शकत नाही. कुणीही बसवा. उद्या मी मीटिंगमध्ये सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"प्रमेय."

त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली. "स्नेहल, अण्णांच्या जागेत आपलं दुकान आहे. मीटिंगमध्ये रड, भांड, काही कर. पोरीची आई आहेस, लोक समजून घेतील. पण गणित काढू नकोस."

"का? रडलेलं चालतं आणि गणित चालत नाही?"

"रडणारीला लोक पाणी देतात," ते म्हणाले. "गणित काढणारीला शहाणी म्हणतात."

मी नंदूला उचललं आणि घरी गेले. जाताना दुकानातल्या रांगोळीच्या तीन पिशव्या घेतल्या: पिवळी, लाल, निळी.

मीटिंग दुसऱ्या दिवशी मुलं सुटल्यावर, बालवाडीतच झाली. दहा-बारा आया, त्यांत रेश्माही, दोन आज्या, मॅडम, आणि टेबलामागच्या एकुलत्या खुर्चीवर अण्णा. साळूबाई भिंतीला टेकून उभी. तिला कुणी बस म्हटलं नाही. आमचे हे सगळ्यात मागं, बाहेर चपलांपाशी, जणू दुसऱ्याच कामाला आलेत.

अण्णांनी सुरुवात केली. "झालं ते वाईट झालं. पर देवाची कृपा, पोर सुखरूप हाय. बाईचं लक्ष न्हवतं. बाईला आजपास्नं रजा. इषय संपला. चहा घ्या."

"संपला नाही, अण्णा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मॅडम लगेच म्हणाल्या, "स्नेहलताई, तुमच्याच मुलीसाठी चाललंय ना हे?"

"म्हणूनच म्हणतेय. उद्या दुसरी बाई याच स्टुलावर बसेल आणि परवा रेश्माचं पोर याच वाटेनं जाईल. मला थोडा वेळ द्या."

मी पडवीत खाली बसले आणि खडूनं बालवाडीचा नकाशा काढला. पडवी, तीन बोटं. आज्या पुढं सरकल्या. पिशव्या बघून त्यांना वाटलं, मी रांगोळीच काढतेय.

"हे आपले बारा कोपरे. आता आतल्या आत कोपऱ्याला कोपरा जोडायचा. रेघ भिंतीबाहेर जायची नाही, दुसऱ्या रेघेला कापायची नाही. सगळ्या जागेचे त्रिकोण होईपर्यंत." मी रेघा मारत गेले. "झाले? आता प्रत्येक कोपऱ्यावर एक रंग. अट एकच: कुठल्याही त्रिकोणात एक रंग दोनदा यायचा नाही. रेश्मा, हा पहिला त्रिकोण तू रंगव."

रेश्मानं पिवळी, लाल, निळी चिमूट टाकली.

"आता याच्या शेजारचा. याचे दोन कोपरे आधीच रंगलेत, पिवळा आणि लाल. तिसरा?"

"निळा की. दुसरं काय राहिलं?"

"बरोबर. आता पुढचा?"

आता बाकीच्याही सरसावल्या. "हितं लाल!" "अगं लाल झालाय तिथं, पिवळा टाक." "बोट नको लावू, फिसकटंल." एका आजीनं मॅडमना हातानं बाजूला सारलं, "ओ बाई, उजेड सोडा." खरं सांगते, त्या अर्ध्या मिनिटापुरता माझा राग पार गेला होता. वर्गात सरांनीसुद्धा हे इतक्या आवडीनं पाहिलं नव्हतं.

बारा कोपरे रंगून झाले.

"आता बघा. प्रत्येक त्रिकोणाला एक निळा कोपरा आहे की नाही? आहे. त्रिकोणाच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला तो त्रिकोण सगळा दिसतो. म्हणजे जिथं जिथं निळा, तिथं तिथं माणूस बसवलं, की सगळी जागा दिसली. लाल घेतला तरी तेच. पिवळा घेतला तरी तेच. बारा कोपरे तीन रंगांत वाटले, म्हणजे कुठला तरी एक रंग चार किंवा त्याहून कमी वेळा येणारच. इथं तिन्ही चार-चार आलेत. म्हणजे चार माणसं बसवली की या जागेत काहीही लपत नाही. आणि आपण बसवलंय किती? एक. आणि वर तिलाच काढतोय!"

कुणीतरी "खरंच की" म्हटलं. मॅडमनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा इतका वेळ पुढं वाकून रांगोळी बघत होते. ते सावकाश मागं टेकले.

"सूनबाई, एक इचारू का?"

"विचारा."

"तुमच्या हिशोबात चार पुरत्यात म्हनलंय. चार लागत्यात असं कुठं म्हनलंय? मला जेवाया चार भाकरी पुरत्यात. म्हंजी एकीवर मी मरतो असं न्हाई! एक बाई बी पुरत आसंल की."

लोक हसले. मॅडम सगळ्यात मोठ्यानं.

माझी कानशिलं तापली. कारण अण्णा चुकीचं बोलले असते तर मी सोडलं नसतं. पण ते बरोबर बोलले होते. प्रमेय 'पुरतात' एवढंच सांगतं. एखाद्या साध्या चौकोनी खोलीला एकच पुरतो. वर्गात हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता, आणि इथं ज्या माणसाला साळूबाई काढायची होती त्यानं तो पहिल्या झटक्यात विचारला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. दात आवळूनच म्हटलं. "मग ते वेगळं दाखवावं लागेल. तिन्ही गाळ्यांच्या मागच्या वाटेपाशी ठेवायला मला तीन वस्तू द्या. मोठ्या, लांबून दिसतील अशा."

सगळे इकडंतिकडं शोधायला लागले. मग मागून पत्र्याचा खणखणाट झाला. हे दुकानातून तेलाचे तीन रिकामे डबे घेऊन आले होते. माझ्याकडं न बघता त्यांनी एकेका गाळ्यात जाऊन मागच्या वाटेच्या तोंडाशी एकेक डबा ठेवला आणि परत चपलांपाशी जाऊन उभे राहिले.

"अण्णा, तुम्ही बसा स्टुलावर," मी म्हटलं. "स्टूल हवं तिथं न्या. एका जागेवरून दोन डबे दाखवा. तीन नको, दोनच. दाखवलेत तर साळूबाईला काढा, मी एक शब्द बोलणार नाही."

"ह्यात काय मोठं!" अण्णा उठले. स्टुलावर बसले. "ह्यो मधला दिसला."

"दुसरा?"

त्यांनी स्टूल डावीकडं नेलं. "पहिला दिसला!"

"आणि मधला?"

मधला गेला होता. ते उजवीकडं आले. उठून उभे राहिले. भिंतीला पाठ लावून बघितलं. टोपी काढून मान पुढं काढली.

"अण्णा, आजून वाईच सरका," एक आजी म्हणाली. "भिंतीत शिरा."

ते गाळ्यात जाऊन बसले; तिथून तर दुसरा गाळाच दिसेना. रेश्मा हळूच म्हणाली, "साळूबाईला काढून अण्णांनाच ठेवायचं का वो कामाला? फिरत्यात बरं छान."

आता सगळ्या हसल्या, आणि अण्णांचं तोंड लाल झालं. "क्यामेरे बसवतो! तीन क्यामेरे. इषय संपला."

"कॅमेरा म्हणजे डोळाच, अण्णा. तो पोरीला दिसेल, पण पोरीचा हात धरेल का? आणि तो बघत कोण बसणार? साळूबाई, स्टुलावर?"

"मंग काय दारं लावू?" ते ताडकन म्हणाले. "ते मातर व्हनार न्हाई. ह्या गावात दार न्हाई लागायचं. तुमी बाहेरनं आलाय, तुमाला न्हाई कळायचं."

हे वाक्य माझ्यासाठी नवीन नव्हतं. लग्नापासून माझ्या प्रत्येक शंकेला हेच उत्तर मिळत आलंय. मी काही बोलणार, तेवढ्यात तिसऱ्या गाळ्यातून धाडकन आवाज आला. डबा पडल्याचा, गडगडत गेल्याचा.

"काय पडलं ते?" अण्णा ओरडले.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "स्टुलावर तुम्ही बसलाय."

कुणालाच काही दिसत नव्हतं. पडवीत डझनभर माणसं, आणि तिसऱ्या गाळ्यात काय चाललंय ते एकालाही सांगता येईना. साळूबाईच भिंत सोडून धावली. तिच्यामागं आम्ही. मागच्या वाटेनं एक पिवळं कुत्रं आत शिरलं होतं आणि आडव्या डब्यात तोंड घालून तेल चाटत होतं.

"हाड! हाड!" अण्णा मागून आले. "आरं फळी कुठाय? हितं फळी का न्हाई लावली? घरी समदी फळ्या लावता, आन हितं—"

आणि ते थांबले.

आमच्याकडं सगळ्या घरांत असते ती. झोपायच्या वेळी कुत्री-मांजरं आत येऊ नयेत म्हणून चौकटीला नुसती टेकवून ठेवायची लाकडी फळी. तिला बिजागरी नाही, कडी नाही. ती दार नाही. देवाला तिचं काही नाही. अण्णांच्या घरीही आहे. बालवाडीत नाही, कारण बालवाडीत कुणी झोपत नाही.

"अण्णा," मी म्हटलं. "कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी चालते. आमचं पोर बाहेर जाऊ नये म्हणून कुणालाच आठवली नाही? इतकी वर्षं? तुमच्या घरातल्या भाकरीची जेवढी काळजी, तेवढी तरी आमच्या पोरांची करा!"

अण्णांनी डबा उचलून सरळ केला. मग त्या वाटेतून पार्किंगकडं पाहिलं. एक गाडी मागं येत होती, तिचा भोंगा वाजत होता.

"फळ्या लावू," ते शेवटी म्हणाले. "पोराच्या गळ्याइतक्या उंच, पोराला हलायच्या न्हाईत अशा जड. सुताराला सांगतो."

"आणि साळूबाई?"

"ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या नाही, अण्णा. सगळ्यांसमोर सांगा, तिची चूक नव्हती."

ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते पुन्हा पडवीत आले, रांगोळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, कोपरे तिनानं भागायचे म्हनलात न्हवं? मंग ह्यो तिसरा गाळा त्याच्या म्होरच्या पडवीसकट बंद केला, तर किती ऱ्हायले?"

"आठ," मी म्हटलं. मला त्यांचा रोख कळेना.

"आठाला तिनानं?"

"...दोन. बाकी सोडून द्यायची."

"मंग दोघी हायत की. साळूबाई आन मॅडम. इषय संपला." आणि मग, जाता जाता, "आमुशेला तेलवाल्यांस्नी गाळा पायजेच हुता, म्हागं लागलेत."

म्हणजे माझ्या प्रमेयावर अण्णांनी तेलाचं दुकान थाटलं! पोरांना तीन गाळ्यांतून दोन गाळ्यांत कोंबलं. मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण उत्तर बरोबर होतं. मी घरी जाऊन पुन्हा काढून पाहिलं: आठ कोपरे, तीन रंग, आणि निळा फक्त दोनदा. एक पहिल्या गाळ्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, एक दुसऱ्या गाळ्याच्या तोंडाशी, बोळाची भिंत वळते तिथं. तो निळा ठिपका मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं पडवीत ऑइलपेंटनं रंगवला आणि मॅडमची खुर्ची उचलून त्यावर ठेवली.

"इथं मला टेबल नाही," मॅडम म्हणाल्या.

"फोन मांडीवर ठेवा," मी म्हटलं. "नाहीतर घरी."

परत येताना यांनी दुकानातूनच विचारलं, "कितीला भाग जातो म्हणालीस?" मी तीन बोटं दाखवली. हसू मात्र दाखवलं नाही. त्यांचे डबे मला विसरायचे नव्हते. तसंच ते चपलांपाशी उभे होते हेही.

शनी अमावस्येला गाव नुसतं तुडुंब. तिसऱ्या गाळ्याला, पुढच्या पडवीसकट, विटांचा आडोसा घातलेला, पलीकडं तेलाचे डबे आणि ओरडा. मी दुकान सोडून तीनदा बालवाडीत डोकावले; मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणी अडवलंही नाही. मॅडम निळ्या ठिपक्यावर होत्या, तोंड फुगवून. साळूबाई पहिल्या गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात लाल स्टुलावर होती. तिला अजून कुणी म्हणालेलं नाही, की तुझी चूक नव्हती. मी म्हणाले, पण मी म्हणून काय होतं? तिनं माझ्याकडं एक नजर टाकली आणि लगेच परत मुलांकडं वळवली.

तिच्याशेजारीच मागची वाट, आणि वाटेला नवी कोरी फळी. फळीपलीकडं मागचे दिवे लागलेल्या गाड्यांची रांग. फळीअलीकडं नंदू. दोन्ही मुठींनी ती फळीवर दणादण बडवत होती आणि लालेलाल होऊन ओरडत होती, "उघड! माझी पानं तिकडं आहेत! उघड म्हणते ना!"

"बडव," मी तिला म्हटलं. "हवी तेवढी बडव."